आपल्या नळाचं पाणी

आबा, आपलं घर विकलं जात नाहीये. तुम्ही गेल्यावर सात वर्षं ते कुलपात होतं, आणि गेल्या दिवाळीनंतर मी ते विकायला काढलं. तेव्हापासून जितकी माणसं ते बघून गेली तितकी तुमच्या दहाव्यालाही नव्हती. येतात, चपला न काढता आत शिरतात, बोटं वाकवून भिंतीवर टकटक करतात, जणू भिंत आतून 'कोण आहे' म्हणून विचारणार आहे. एकजण दार दक्षिणेला आहे म्हणून उंबऱ्यावरूनच परतला. एका बाईंना जिना वास्तूच्या चुकीच्या खांद्यावर बसलाय असं वाटलं. एकानं मोबाइलवर होकायंत्र लावून अंगणात इतक्या चकरा मारल्या की मला वाटलं, हा आता नारळ फोडतो. त्याच्यावर मी माझ्या सदरात लिहिलं. लोक खूप हसले. घर तिथंच राहिलं.

सदर अजून चालू आहे, दर रविवारी. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून, पेपर अगदी नाकाशी धरून ते वाचायचात. एकदा वाचून झाल्यावर घडी घालता घालता म्हणाला होतात, "लई चावतीस गं लोकांला. कधीमधी सोताला बी चावून बघ." मी तेव्हा तेही वाक्य कुठंतरी वापरता येईल म्हणून लिहून ठेवलं होतं.

शेवटी मी एक एजंट गाठला. प्लॉट विकणाऱ्या, घरं विकणाऱ्या या जमातीवर मी वीस वर्षं तोंडसुख घेत आले आहे आणि त्यातलं बरंचसं त्यानं वाचलेलं होतं. तरी बिचारा ताई-ताई करत आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. सगळं घर फिरला, पंखे लावून बघितले आणि म्हणाला, "ताई, घर चांगलंय. पण हितं कोणी राहत नाय हे गेटपासूनच कळतंय. रिकामं घर दिसलं की गिऱ्हाईक विचार करतं, का रिकामंय? काय झालं हितं?" त्यानं सांगितलेलं सगळं साधं होतं. पांढरा रंग द्या. पडदे लावा. दिवे पिवळे ठेवा. दारात दोन कुंड्या. आणि माणसं यायच्या आधी गॅसवर आलं घालून चहा उकळत ठेवा. "चहाचा वास आला ना ताई, की माणसाला वाटतं आपण पाहुणे आलोय." मी मनातल्या मनात त्याच्यावर पुढचा लेख लिहीत होते आणि तोंडानं हो-हो म्हणत होते. चिकलठाण्याच्या कारखान्यातले लोक हल्ली आपल्या कॉलनीत घरं शोधतात, महिन्याभरात काम होईल, असं तो म्हणाला.

मी सगळं केलं. आणि केलं त्यात काय काय गेलं तेही सांगते, कारण हिशेब मागायला तुम्ही नाही. अंगणातले चार निळे ड्रम भंगारवाल्यानं नेले. नळाला जोर नाही म्हणून तुम्ही स्वतः कुदळीनं खणलेला तो गुडघाभर खड्डा, ज्यात उतरून आई आयुष्यभर कळशा भरत राहिली, त्यावर मी फरशी टाकली आणि फरशीवर कुंडी ठेवली. स्वयंपाकघरात ओट्याशेजारी भिंतीवर तुम्ही पेन्सिलीनं लिहून ठेवायचात, पाणी कोणत्या वारी आलं, किती वेळ टिकलं. सोमवार, पाऊण तास. मंगळवार, पुढचा मंगळवार, मग बुधवार. कंसात कधी नुसतं 'गढूळ'. रंगाऱ्यानं विचारलं, "हे ठेवायचं का?" मी म्हटलं, त्यावरच तर दोन हात जास्त दे. पत्त्यातलं शहराचं नाव बदललं, आबा, नळाची तऱ्हा तीच आहे. विकत घेणाऱ्याला ते भिंतीवर वाचायला मिळावं असं मला वाटत नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी काढली नाही, उलट लावली. तुमची चावी. कमरेइतक्या उंचीची, आडव्या दांड्याची, लोखंडी. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या खड्ड्यात ती सोडून तुम्ही पालिकेच्या नोकरीत तीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवलेत, या गल्लीचं पाणी बंद, त्या गल्लीचं चालू. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ घेतल्यावर तुम्ही साहेबांकडं ही घासलेली, वापरातून काढलेली चावी मागितली होती आणि ती परस्पर नेल्यासारखी नको म्हणून कागदावर रीतसर सही घेतली होती. घरी आल्यावर माझ्या हातात देऊन म्हणालात, "घे, तुलाच ठिवली. तूच एकदा फिरवलीयस." मी ती घासून, काळा रंग देऊन दारासमोरच्या भिंतीवर दोन खिळ्यांवर टांगली. एजंट म्हणाला, "वा ताई, अँटिक."

तूच एकदा फिरवलीयस. मी दहा वर्षांची आहे. दुपार आहे, तुम्ही खालच्या गल्लीचं पाणी सोडून जेवायला घरी आला आहात आणि जेवून पाच मिनिटं आडवे झाला आहात. उद्या मामाकडची माणसं येणार, आपले ड्रम अर्धेच भरलेत, आई नुसती झाकणं उघडून बघते आणि परत ठेवते. चावी दारामागं उभी आहे. मी ती ओढत कोपऱ्यावर नेते. खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह कमी केला की आपल्याकडं जोर येतो, हे मी शंभरदा बघितलेलं आहे. दांड्याला अख्खी लोंबकळते, एक आटा, दोन आटे, चार. घरी येते तोवर खड्ड्यातला नळ फुसफुसायला लागलेला असतो आणि आई चकित होऊन कळशी लावते.

तासाभरानं खालच्या गल्लीतल्या बायका आल्या. नळाला नुसती धार, पोरं अजून अंघोळीची. तुम्ही कोपऱ्यावर जाऊन आलात आणि अंगणात उभं राहून विचारलं, "चावी कुणी फिरवली?" आणि मी, आबा, काडीचाही विचार न करता म्हटलं, "खालानं सांगितलं म्हणून." शेजारची खाला, आम्हा पोरांची मावशी, भिंतीपलीकडं धुणं वाळत घालत होती. तिनं ऐकलं. थांबून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "हौ भाई, मैंच बोली होऊंगी." तुम्ही तिच्याकडं बघितलंच नाही. माझे हात उलटे केलेत. तळव्यांना लाल गंज लागला होता. मारलं असतंत तर बरं झालं असतं. तुम्ही आपल्या ड्रममधून कळशी भरलीत, माझ्या कमरेवर ठेवलीत आणि खालच्या गल्लीत प्रत्येक दारात मला उभं केलंत. "तुमचं पाणी मी पळवलं." ते म्हणायचं, कळशी ओतायची, परत यायचं, परत भरायची. एक म्हातारी म्हणाली, "असू दे गं लेकरा," तेव्हा मी रडले. शेवटचं दार खालाचं होतं. तिला पाणी नाही, नुसतं तोंडानं सांगायचं होतं. तिच्यापुढं मात्र माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही, आणि तुम्हीही तो काढून घेतला नाही.

येताना तुम्ही एवढंच बोललात. तुमच्या वडलांबरोबर तुम्ही मेंढरं घेऊन गंगापूरच्या शिवारात हिंडलेले. "पोलीस ॲक्शनच्या साली जन्मलो मी. पायात वहाण नव्हती. दुसऱ्याच्या हिरीवर जनावराला पाणी मागताना किती येळ मान खाली घालून हुबं ऱ्हावं लागतं, म्हाईत हाय मला. माझ्या हातात चावी हाय तवर कुणाला तसं हुबं ऱ्हायाला लावणार नाय." आपल्या घराला तुम्ही कधी पाच मिनिटं जास्त पाणी दिलं नाहीत. आई त्यावरून तुम्हाला बोलायची आणि गल्ली तुम्हाला नमस्कार करायची.

आता सांगायचं ते सांगते. गेल्या महिन्यात पैठणकडचं एक जोडपं घर बघायला येणार होतं. नवरा कारखान्यात, बायको शाळेत शिकवते, सोबत नवऱ्याची आई. एजंट म्हणाला, म्हातारीच ठरवणार, आणि तिचा एकच प्रश्न आहे, पाणी. बिचाऱ्यांचं गाव धरणापासून हाकेच्या अंतरावर, आणि जन्मभर पाणी डोक्यावरून आणलेलं. त्या दिवशी आपल्याकडं नळ येऊन पाच दिवस झाले होते. मी म्हटलं, सकाळी टँकर बोलावते, गच्चीवरची टाकी काठोकाठ भरते. तो एजंट, माझ्या वीस वर्षांच्या लेखनाचा कच्चा माल, डोकं खाजवून म्हणाला, "ताई, तेवढं नका करू. रंगाचं कोणी काय म्हणत नाय. पाण्याचं माणसं नंतर दारात येऊन विचारतात." मी त्याला म्हटलं, "तुम्ही चहाचं बघा."

ती माणसं आली. म्हातारीनं पडदे बघितले नाहीत, चहाचा वास घेतला नाही, सरळ स्वयंपाकघरात गेली. "नळाला पाणी येतंय का, बाई? बाकी कसं बी असू द्या." मी नळ उघडला, पूर्ण. टँकरचं पाणी असं आदळलं की ओटा भिजला. तिनं त्याखाली हात धरला, कोपरापर्यंत ओला होऊ दिला, आणि मग स्वतःच नळ बंद केला. "वाया चाललंय." एवढ्यावर मी थांबले असते, आबा, तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण बाहेर येताना तिनं भिंतीवरच्या चावीकडं बोट केलं, हे काय म्हणून. आणि मी सांगितलं. माझे वडील पाणी सोडायचे. तीस वर्षं. ही त्यांची चावी. म्हातारीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चावीला हात जोडले. "मंग आसल्या माणसाच्या घराला पाणी कशाला कमी पडंल." मी म्हटलं, "कधीच नाही पडलं."

मी खूप खोटं लिहिलं आहे. विनोदाला थोडं लागतं. पण एवढं स्वच्छ, एका दमात, कुठंही न अडखळता बोललेलं खोटं मला दुसरं आठवत नाही. तुमचं नाव पुढं केलं म्हणून अडखळले नाही.

ते गेल्यावर खाला भिंतीशी आली. आता तिला नीट दिसत नाही, ऐकू मात्र सगळं येतं. "सुबू टँकर आया था ना?" मी म्हटलं, हो. तिनं भिंतीच्या कडेवरचा चुना नखानं काढला. मग म्हणाली, "तेरे बाप ने तो एक बाल्टी ज्यादा नै ली कभी," आणि आत गेली. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. टोमण्यांत मला कोणी हरवत नाही.

तीन दिवस काढून मी त्या सुनेला फोन केला. सांगितलं, नळ आठवड्यानं येतो, कधी त्याहून उशिरा, खड्ड्यात उतरून भरावं लागतं, त्या दिवशीचं पाणी टँकरचं होतं. मला वाटलं होतं ती चिडेल. ती शांतपणे म्हणाली, "आम्हाला कळलं होतं, ताई. आई गाडीत बसताना म्हणाल्या, ह्या एका दारापुढं चिखल हाय, बाकीच्यांची दारं कोरडी. नळ आला असता तर सगळ्यांची वली असती." मी म्हटलं, मग निदान भाव कमी करून, काही... ती म्हणाली, "पाण्याचं काय ताई, सगळ्या शहराला तसंच हाय. आम्ही ड्रम घेऊनच आलो असतो. पण आई म्हणत्यात, जी बाई बापाची चावी दाखवून खोटं बोलती, तिच्या कागदावर आपण सही कशी करायची?" आणि मग, शिक्षिकाच ती, "बरं, ठेवू का?" असं विचारून तिनं फोन ठेवला.

यानंतर मी गप्प बसायला हवं होतं. पण रविवार येतो, आबा, तो थांबत नाही. मी या सगळ्यावर लेख लिहिला. रिकामी घरं सजवणारे लोक, आल्याचा चहा, काठोकाठ टाकी, ऐटीत नळ उघडून दाखवणारा एजंट आणि ओल्या दारावरून त्याला पकडणारी म्हातारी. चावीचं त्यात घातलं नाही. लेख लोकांना फार आवडला. ओळखीचे फोन करून हसले. एजंटाचाही फोन आला. "ताई, वाचला. चांगला जमलाय." एवढंच म्हणाला आणि उद्या कोणीतरी घर बघायला येणार आहे, किती वाजता आणू, ते विचारलं.

मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून हे लिहिते आहे. आज नळ येण्याचा दिवस आहे आणि कुंडीखालच्या फरशीतून तो फुसफुसतो आहे. ड्रम नाहीत, त्यामुळं भरायचं कशात हा प्रश्नच नाही. चावी मी भिंतीवरून काढून पुन्हा दारामागं ठेवली आहे. भिंतीत दोन भोकं राहिली. खरं म्हणजे ह्यातली चार वाक्यं पेपरला पाठवायला हवीत, येत्या रविवारी, त्याच जागी. तुम्ही असता तर कळशी कमरेवर देऊन दारोदार नेलं असतंत. आता न्यायला कोणी नाही, आणि एकटीनं मी खालच्या गल्लीपर्यंतही जात नाही. खालाला तर अजून तेच सांगायचं राहिलंय, दहाव्या वर्षीचं.

नळ एजंटानं उघडला नव्हता. मी उघडला. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही ते कुणाला सांगणार नाही.