सरकत्या दाराच्या अलीकडे पाच, पलीकडे पाच

मंगळवार

आत्यास सादर नमस्कार.

तुझा गुडघा आणि आतोबांचा रक्तदाब ताब्यात आहेत असं धरून चालते. नसतील तर हे पत्र उद्या वाच. आधी घडलेलं, जसं घडलं तसं:

१. त्याच्या आधीच्या म्हणजे गेल्याच्या गेल्या शनिवारी प्रार्थनेनंतर बाबांनी तोरा या धर्मग्रंथात देवाने दिलेल्या भूमीच्या वचनावर प्रवचन दिलं.
२. काका मध्येच उभे राहिले.
३. परवाच्या शनिवारी प्रार्थनागृहातलं सरकतं दार बंद होतं. अलीकडे बाबांसह पाच पुरुष, पलीकडे काकांसह पाच.
४. दहा पुरुष एकत्र नसल्यामुळे कद्दीश, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, कुणालाच म्हणता आली नाही.
५. येत्या सोमवारी आजोबांना जाऊन वर्ष होतं. त्यांच्यासाठी दोन्ही मुलांनी कद्दीश म्हणायची आहे.

आता तपशील. बाबांचं म्हणणं, वचन स्पष्ट आहे, तेव्हा तिकडे आपलं ज्यूंचं राज्य उभं राहिलं ही त्या वचनाची सुरुवात, आणि तिकडे जाणं हे कर्तव्य. काकांचं म्हणणं, तालमूद या भाष्यग्रंथात शपथ आहे की सगळ्यांनी मिळून बळाने तिकडे चढून जायचं नाही. देवाने पाठवलेला तारणहार, मशीहा, येईपर्यंत थांबायचं, आणि थांबणं हेच कर्तव्य. झायनवाद, म्हणजे ते राज्य आपणच उभारणं, ही देवाच्या कामात केलेली घाई. बाबा म्हणाले, ती कथा आहे, कायदा नव्हे, शिवाय त्याच पानावर इतर राष्ट्रांनाही शपथ घातली आहे की यांना फार छळू नका, ती त्यांनी केव्हाच मोडली. काका म्हणाले, समोरच्याने मोडली म्हणून आपणही मोडायची, ही वकिली झाली. (काका स्वतः वकील आहेत. बाबा दातांचे डॉक्टर, त्यामुळे एकदा पकडलेलं ते सोडत नाहीत.) इथे हेही नोंदवते की काकांची मुलगी तिकडेच स्थायिक आहे आणि तिच्या बाल्कनीचे फोटो काका भेटेल त्याला दाखवतात. उलट बाबांनी अजून पासपोर्टसुद्धा काढलेला नाही. फोटो चांगला येत नाही म्हणतात.

इथवर नेहमीचंच होतं. मग बाबांनी आवाज खाली आणून विचारलं, "आपल्याला कुणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा कुठे जायचं होतं?"

"आणि तिथे आधीपासून ज्यांची घरं होती, त्यांनी कुठे जायचं?" काका म्हणाले.

मला दोन्ही प्रश्न बरोबर वाटले, म्हणून मी बाहेर जाऊन लिफ्टकडे पाहत उभी राहिले. (लिफ्टची तपासणी हा माझा पोटापाण्याचा उद्योग. शनिवारी काम वर्ज्य, म्हणून फक्त पाहते. लिफ्टला काही झालेलं नव्हतं.)

दाराची गोष्ट अशी, की दोन खोल्यांतली माणसं एकमेकांना दिसत असतील तर ती एकत्र मोजता येतात, असं बाबा मानतात आणि काकाही मानतात. एवढ्या एका मुद्द्यावर दोघांचं एकमत आहे आणि नेमकं त्यामुळेच दार घट्ट लावून घेतलं जातं. आता दोन्हीकडे पाच-पाच माणसं कमी पडतात, आणि ती फक्त पलीकडे आहेत. परवा पलीकडून औषधवाले सवयीने 'आमेन' म्हणाले. काकांनी त्यांना दटावलं. इकडे बाबांच्या गटात, ते 'आमेन' आपल्याला लागू होतं का, यावर वाद पेटला आणि पाचाचे तीन आणि दोन व्हायची वेळ आली.

दोघेही मला एकेकटं गाठून माझं मत विचारतात. मी म्हणते, दहात मला धरत नाहीत, तर माझं मत कशाला? (तुलाही धरत नाहीत. तरी दहा जमवायचं काम फिरून आपल्याकडेच आलं आहे.)

काळजी आजीची आहे. दार नादुरुस्त आहे म्हणून बंद, असं मी तिला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "सोमवारी दोघे बरोबर म्हणतील ना? मला दोघांचे आवाज एकदम ऐकायचे आहेत." मी हो म्हटलं. आमच्या कामात तपासल्याशिवाय कुणी हो म्हणत नाही. तेव्हापासून जेवण जात नाही, आणि परवा एका लिफ्टचा दाखला मी दोनदा फाडून पुन्हा लिहिला. काका समोरून आले तर बाबा पायरीवरून मागे वळतात. वर्षभर आजी कुठे जात-येत नव्हती, सोमवारची तेवढी वाट पाहते आहे.

बाकी सर्व ठीक. आतोबांना नमस्कार.

तुझी भाची

ता.क. हे फक्त तुझ्या माहितीसाठी. माझं काही मागणं नाही.

ता.क. २ दार मी रविवारी रुळावरून काढलं. ते बायकांच्या बाकांमागे उभं केलं आहे आणि त्याची चाकं माझ्या बॅगेत आहेत. त्यामुळे आजीला सांगितलेलं आता खोटं राहिलेलं नाही.

ता.क. ३ दार कुणाला विचारून काढलं, असं दोघांनीही विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. दोघेही "ताईने?" एवढंच म्हणाले. एकेकट्याने तुला फोन करायची दोघांचीही छाती नाही. त्यामुळे शुक्रवारी सकाळी दोघे एकत्र बसून तुला फोन करणार आहेत. एका खोलीत. दार काढायला तू सांगितलं होतंस की नाही, ते मला गुरुवारपर्यंत कळव.