धामनोदच्या गाण्याला वन्स मोअर

नाना, काल संध्याकाळी मी तुमच्या नातीचं गाणं ऐकायला गेले होते. तुम्ही तिला पाहिलं नाहीत, तुम्ही गेलात त्यानंतर कितीतरी वर्षांनी ती झाली. धामनोदला बँकेत नोकरी करते. हायवेला लागूनच शाखा आहे, दिवसभर ट्रकवाले अन् ढाबेवाले. सुट्टीला देवासला येते अन् तीन पोरांबरोबर रॉक बँडमध्ये गाते. गाणी तिचीच, चालीही तिच्याच. आता त्या पोरांना कायमचं बंगलोरला जायचंय, अन् हिनंही नोकरी सोडून यावं असं त्यांचं म्हणणं. गेल्या रविवारी मला म्हणाली, "आई, तू एक बार येऊन ऐक. तू नानांकडे शिकलीस, तुझा कान पक्का आहे. कच्चं वाटलं तर सीधा सांग, मी चुपचाप बँकेत जात राहीन. पण लाड नको करू हां, भिया!" भाऊ म्हणावं तसं आईलाही भिया म्हणतात ही पोरं, नाना! तुम्ही कानच धरला असता. मला मात्र आठवडाभर नीट झोप नाही. लेकीच्या नशिबाचा निकाल माझ्या कानावर टाकून ही बया निर्धास्त.

इनडोअर स्टेडियममध्ये कार्यक्रम होता, एरवी तिथं कबड्डीचे सामने होतात. मी आपली सवयीप्रमाणे सगळ्यांच्या आधी पोचले. पाहते तर स्टेजसमोर एकही खुर्ची नाही. म्हटलं, वा, भारतीय बैठक ठेवलीय, बरं केलं! अगदी पुढे जाऊन शाल अंथरली, चपला बाजूला काढल्या अन् मांडी घालून बसले. हळूहळू माझ्याभोवती नुसते पायच पाय. शेवटी एक मुलगी वाकून म्हणाली, "आंटी, यहाँ सब खड़े रहते हैं." गाणं उभं राहून ऐकायचं! लग्नाच्या वरातीत ऐकतात तसं! उठले, शाल झटकली, चपला शोधल्या. त्यातली एक कोणीतरी लाथेनं पार स्टेजपाशी नेली होती, ती त्या मुलीनंच आणून दिली.

तुम्ही रागावला असता असं नाही हं. लोहारद्याच्या त्या लग्नात तुम्ही भरल्या पंगतीतून उठून बँडवाल्यांपाशी जाऊन उभे राहिला होतात. क्लॅरिनेटवाल्याकडून त्याची ती तोंडात धरायची वेताची पट्टी मागून घेतलीत अन् उजेडाशी धरून बघत बसलात. जिलबी तशीच राहिली पानात, अन् आई परतीच्या बसमध्ये तुमच्याशी बोलली नाही. काल तुम्ही असता तर त्या गिटारवाल्याला सोडलं नसतं. गिटारच्या टोकाला एक चिमटा लावलेला असतो, नाना. तार सुरात आली की त्यावर हिरवा दिवा लागतो. झालं, लागली गिटार! तुम्ही तानपुरा लावायला बसलात की लोकांचा एक चहा होऊन जायचा. मला सारखं वाटत होतं, विचारावं त्या पोराला, दिवा नसला तर तुला ऐकू येतं का रे?

मग सुरू झालं. आवाज कानात नाही शिरत, आधी छातीत शिरतो. बरगड्या थरथरायला लागल्या. पहिली दोन गाणी मला कळलीच नाहीत, नुसती डोळे मिटून सूर शोधत होते. तिसरं गाणं हिनं एकटीनं गिटारवर धरलं. धामनोदच्या ढाब्यावर थांबलेला ट्रक ड्रायव्हर घरी फोन करतो, एवढंच गाणं. अन् माझ्याभोवतीची सगळी पोरं ते म्हणत होती, नाना! माझ्या पोरीचे शब्द त्यांना पाठ होते, अन् मला, तिच्या आईला, येत नव्हते. फार लाज वाटली अन् फार आनंदही झाला. पण शेवटी "खाना खा लिया?" म्हणत ती वरच्या सुरात गेली अन् आवाज चरकन् फाटला. डोळ्यांपुढे तुम्ही. स्वयंपाकघरात पाटावर बसून भुट्टे किसताय, मी समोर सुरांचे पलटे म्हणतेय, अन् माझा सूर हलला की तुमची किसणी थांबतेय. रागावणं नाही, ओरडणं नाही. किसणी थांबली की मी मेले. काल तशीच थांबली.

अन् काय झालं कोण जाणे, गाणं संपताक्षणी मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "वन्स मोअर!" गणपतीत नाटक कंपनी यायची तेव्हा पदाला तुम्ही ओरडायचात तस्सं. बाजूची पोरं आधी फिदीफिदी हसली. त्यांच्याकडे तेच गाणं लगेच पुन्हा मागत नाहीत, म्हणे. मग त्यांनीच उचललं अन् सगळं स्टेडियम वन्स मोअर, वन्स मोअर! ही माईकपाशी येऊन म्हणाली, "ये किसने शुरू किया, मुझे पता है." अन् पुन्हा गायली. तुम्ही म्हणायचात ना, पहिल्यांदा गाणं नशिबानंही जमतं अन् नशिबानंही बिघडतं, दुसऱ्यांदा कळतं माणसाला काय येतं ते. मी कान देऊन उभी. "खाना खा लिया?" आलं, अन् आवाज त्याच जागी, त्याच अक्षरावर, तसाच फाटला. फोनची रेंज जाते ना बोलता बोलता, अगदी तसा. आवाज फाटला नव्हता, नाना, तिनं फाडला होता. मी तिथंच रडले. त्या मघाच्या मुलीनं मला पाणी दिलं.

आज सकाळी मी पोह्यांना फोडणी घालत होते तर ही ओट्याला टेकून उभी राहिली. "बोल आता. सच सच." मला तुमच्यासारखं गप्प राहता येत नाही. मी म्हटलं, "पहिल्या दोन गाण्यांत शब्द गिळतेस. ढोल बडवणाऱ्याला सांग, जरा हळू. अन् उद्या राजीनामा देऊन टाक, मी येते बरोबर धामनोदला." तिनं मला अशी घट्ट मिठी मारली की झारा खाली पडला. आता आतल्या खोलीत बंगलोरला फोन चाललाय, तिचं हसू इथपर्यंत ऐकू येतंय.

हे सगळं तुम्हाला विचारायचं म्हणून लिहायला बसले होते. पण खरं सांगते नाना, विचारायचं असतं तर सकाळी पोह्यांच्या आधी लिहिलं असतं. तुम्ही "कच्चं आहे" म्हणाला असता तर मी तुमचंच ऐकलं असतं. म्हणून आधी तिला हो म्हणून टाकलं.