मूकपटातल्या घरमालकीणबाई

बाई, तुम्हाला मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी मराठीतच लिहिते आहे. नागपूरहून अमेरिकेत पिस्कॅटवेला शिकायला आले तेव्हा तुमच्या घरातली वरची खोली मी भाड्यानं घेतली होती. सिनेमात काम केलेली बाई म्हणजे भिंतीभर फोटो असतील, असं वाटलं होतं. तुमच्या भिंतीवर फक्त एक कॅलेंडर होतं.

तुमची कहाणी मला स्वयंपाकघरात तुकड्यातुकड्यानं कळली. मी फोडणीत मोहरी टाकतेय, तुम्ही शेजारी बटाटे सोलताय, आणि सहज सांगताय की स्टुडिओतल्या दिव्यांनी डोळे सुजले की त्यांवर कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवून पडून राहायचात. लहानपणी पोलंडहून आलेली मुलगी तुम्ही. तेव्हा सिनेमे इथेच जवळ, हडसन नदीच्या काठी बनायचे. गर्दीत उभं राहण्यापासून सुरुवात केलीत. कंपन्या कॅलिफोर्नियाला निघाल्या, तशा तुम्हीही गेलात. तिथे मोलकरीण झालात, नर्स झालात, नायिकेची मैत्रीण झालात. नायिका एकदाच, एका कोळ्याची विधवा. तो सिनेमा लागायच्या आधीच कंपनी बुडाली आणि त्याची रिळं फिल्मवरच्या चांदीसाठी वितळवली. हे सांगताना तुम्ही हसलात, म्हणून मीही हसले. मग बोलपट आले.

त्याबद्दल तुम्ही एकदाच बोललात. सेमिनारच्या आदल्या दिवशी मी तिथेच टेबलाशी बसून अमेरिकन उच्चार घोटत होते. तुम्ही सुरी खाली ठेवलीत.

"हे कोणाच्या आवाजात बोलतेस?"

वर्गात मुलं हसतात, असं मी म्हटलं.

"मलाही हसले. मी शिकवणी लावली, उच्चार बदलले. तरी काम मिळालं नाही. घरी परतले, आमच्याच भाषेत आईला दारातून हाक मारली, तर आतून तिनं विचारलं, कोण आहे?"

पुढे निवृत्त होईपर्यंत तुम्ही एका दुकानात हातमोजे विकलेत. दुसऱ्या दिवशी सेमिनारमध्ये मी माझ्या नागपुरी इंग्रजीतच बोलले. दोघंतिघं हसले. मी शेवटपर्यंत बोलले.

आता वेस्ट विंडसरच्या या घरात मी एकटी आहे. हे जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा रविवारी फोन करतो. नात "हाय आजी" म्हणते आणि पुढचं सगळं इंग्रजीत. गेल्या आठवड्यात लॅपटॉपवर एक जुना मूकपट पाहत होते. त्यात तुम्ही ट्रे घेऊन येता, नायिकेला चहा ओतता, काहीतरी म्हणता आणि जाता. नावांच्या यादीत तुमचं नाव नाही. मान कलती करण्याच्या लकबीवरून ओळखलं. लगेच मुलाला फोन केला. "ग्रेट, आई. पण मी मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू?" म्हणाला. नंतर त्याचा फोन आला नाही, मीही केला नाही.

तो प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहिला. तुमचं वाक्य लिहिलेली पाटी पडद्यावर येतच नाही, नुसते ओठ हलतात. हे पत्र आता कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. स्वयंपाकघरातले तुमचे शब्द मला अजून पाठ आहेत, बाई, पण तुमचा आवाज कसा होता, ते आता आठवत नाही.