चार महिने दहा दिवस

१४ फेब्रुवारी १९५५, सोमवार. दिवस १२

ही वही शाळेच्या हजेरीसाठी आणली होती. आता माझीच हजेरी.

हे गेले २ तारखेला, बुधवारी सकाळी. दुकानात घड्याळ उघडून बसले होते, डोळ्याला भिंग तसंच. शेजारच्या कासाराला वाटलं, बारीक काम चाललंय. अर्धा तास तसंच वाटलं त्याला.

नवऱ्यामागची इद्दत चार महिने दहा दिवस. रात्र याच घरात काढायची, काकणं नाहीत, रंगीत नाही. शाळेत रजेचा अर्ज दिला. शेटेबाई (माझ्याच शाळेत चौथीला शिकवतात) डबा घेऊन आल्या. "हमीदाबाई, दोन घास खा, नाहीतर मी इथेच ठाण मांडते." खाल्ले. काय करणार, त्या खरंच बसल्या असत्या.

२३ फेब्रु., बुधवार. दिवस २१

आज कोर दिसली म्हणे. मी वर गेले नाही. घराच्या धाब्यावर जाववत नाही.

कारण लिहून टाकते एकदाचं. २५ जानेवारीला ह्यांनी वरून हाक मारली, "हमीदा, ये गं लवकर, केसाएवढी कोर आहे, किल्ल्यामागं जाईल आता." माझे हात कणकेत. म्हटलं, "चंद्र काय पळून जातो का? उद्या बघेन." दुसऱ्या दिवशी विसरले. तेही काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी तेच गेले.

ह्यांच्या खणात चंद्राची वही सापडली. सगळी उर्दूत. मी मराठी शाळेत शिकलेली, मला उर्दू अक्षर अक्षर जुळवून वाचावं लागतं. रोज एक पान वाचायचं ठरवलं. वहीबरोबर रुमालात गुंडाळलेली काच आहे, काजळी धरलेली. कशासाठी, कळलं नाही.

१ मार्च, मंगळवार. दिवस २७

वहीत चार रकाने आहेत. पहिला वाचून झाला. 'कोर ते कोर: २९ दिवस, १२ तास, ४४ मिनिटं.' खाली बारीक अक्षरात, 'हा महिना कुणालाच दिसत नाही. दिसतो तो २९चा, नाहीतर ३०चा.' घड्याळजी तो. चव्वेचाळीस मिनिटं सोडवली नाहीत त्याच्याच्याने.

दुसरा रकाना 'तारा ते तारा'. चंद्र एखाद्या ताऱ्यापासून निघून परत त्याच ताऱ्यापाशी येतो, त्याला २७ दिवस नि पावणेआठ तास.

माती देऊन माणसं परतली त्या संध्याकाळी मी अंगणात होते. चंद्राच्या कडेला तांबडी रोहिणी होती, ती तेवढी लक्षात राहिली. आज अंगणातूनच पाहिलं. चंद्र परत रोहिणीपाशी! पण तेव्हा अर्ध्याहून बराच मोठा होता, आज नुसता अर्धा. त्याच जागी आला, पण तसा आला नाही. रडले. बरंच.

२५ मार्च, शुक्रवार. दिवस ५१

तिसरा रकाना 'मोठा ते मोठा'. चंद्र कधी जवळ येतो, कधी लांब जातो, म्हणून मोठा-लहान दिसतो. साडेसत्तावीस दिवसांचा फेरा. हे त्यांनी मोजलं कशानं? तर न्हाणीमागं ठेवलेल्या त्या काठीनं. काठीवर पितळी चकती सरकवायची, चंद्र बरोबर चकतीच्या भोकात बसला की तिथं खूण. काठीभर खुणा आहेत. आणि मी त्या काठीनं मांजर हाकलत होते!

८ एप्रिल, शुक्रवार. दिवस ६५

मौलवी साहेब येऊन गेले, पडद्याआडून बोलले. इद्दत कधी संपते, मीच विचारलं होतं.

म्हणाले, "बेटी, मरहूम महिन्याच्या आठव्या चंद्राला गेले. पहिल्या तारखेला गेले असते तर वाद नव्हता. आता कुणी चंद्र बघून चार महिने मोजतं, कुणी सरसकट तीस-तीसचे धरून एकशे तीस दिवस. दोन्ही किताबात आहे. तुला झेपेल ते धर."

हिशेब केला. दिवसांनी १२ जून, रविवार. चंद्रानं एक-दोन दिवस आधी, ईदची कोर कधी दिसते त्यावर.

मी एकशे तीस धरले. ह्यांना एकदा 'उद्या' म्हटलं. आता ह्यांचा एकही दिवस कापणार नाही.

२३ एप्रिल, शनिवार. दिवस ८०

रमजानची कोर. शे. बाई पंचांग घेऊन आल्या, म्हणाल्या, "यंदा आमच्यात भादवा दोनदा. चंद्र मागं पडतो, मग एक महिना जादा घालून सूर्याशी जुळवून घेतात. तुमच्यात?"

"आमच्यात जुळवत नाहीत. रमजान फिरत राहतो. कधी थंडीत, कधी असा ऐन वैशाखात."

"बरं आहे बाई, कुणाची मनधरणी नको."

हसल्या. मीही हसल्यासारखं केलं.

२२ मे, रविवार. दिवस १०९

एकोणतिसावा रोजा. किल्ल्यावर ढग. पोरं-बापये सगळे ईदगाहकडे गेलेले, कुणालाच कोर दिसली नाही. कुणी म्हणे पाहिली, दोघं साक्षीला उभे करा म्हटल्यावर गप्प. म्हणजे तीस रोजे. ईद मंगळवारी.

ह्यांची वही पाहिली. आजच्या तारखेपुढे जायच्या आधीच लिहून ठेवलंय: 'आज दिसणे अवघड.' बघा! मेलेलं माणूस खरं ठरलं.

२४ मे, मंगळवार. दिवस १११

ईद. पांढरंच नेसले. शिरखुर्मा केला नाही. अवसरी बुद्रुकहून शफी (माझा धाकटा भाऊ, पिंजारी आहे, गाद्या भरतो) डबा घेऊन आला. अम्माच्या हातचा. साखर जास्त. अम्माला आता चव कळत नाही, म्हणाला. मी सगळा संपवला.

६ जून, सोमवार. दिवस १२४

शफीचं कार्ड. अम्माला ताप. जीभ जड झालीय. माझं नाव घेते.

८ जून, बुधवार. दिवस १२६

शफी स्वतः आला. दारातच उभा.

"आपा, चल. परवा शुक्रवारी चंद्रानं तुझी इद्दत सरतीय. मौलवींना इचारून आलोय मी."

"मी दिवसांनी धरलीय. रविवारी सकाळी येते."

"दोन दिसानं काय व्हतंय? दूल्हाभाई काय वरून मोजत बसलेत व्हय?"

"तेच तर आयुष्यभर मोजत बसले!" असं ओरडले मी. शेजारी ऐकू गेलं असेल.

मौलवी साहेबांचाही निरोप, आई आजारी असेल तर आजसुद्धा दिवसा जाऊन मगरिबच्या आत परत ये, हरकत नाही. सगळ्यांनी वाट मोकळी करून दिली. मीच आडवी पडले.

शफी पाणी न पिता गेला. जाताना म्हणाला, "काय सांगू तिला?" मी म्हटलं, "रविवार सांग."

१० जून, शुक्रवार. दिवस १२८

चंद्रानं आज संपली. बसून राहिले. दोनदा बोचकं बांधलं, सोडलं. अम्मासाठी मऊ लुगडं काढून ठेवलं.

चौथा रकाना लागला नाही, गाठ का काहीतरी लिहिलंय. मनच नाही.

१२ जून, रविवार. अवसरी

एकशे तीस झाले.

सकाळी पहिल्या एस.टी.साठी बोचकं काखेत घेऊन उंबऱ्याशी आले तर समोर गेनूभाऊ, शफीचा शेजारी. टोपी हातात. तेव्हाच समजले.

"बाई, म्हातारी काल दिस मावळायला गेली वो. लई वाट बघितली. शुक्रवारपासनं खाट दाराकडं तोंड करून ठेवाय लावली व्हती. हमीदा येनार, हमीदा येनार."

शुक्रवारपासून? मी तर रविवार सांगितला होता.

नारायणगाव, मंचर, मग बैलगाडी. आले तेव्हा दफन होऊन गेलेलं. उन्हाळा, कोण थांबवणार. खाट अजून दाराकडेच होती. तिच्यावर बसले, कुणी उठवलं नाही.

१५ जून, बुधवार. अवसरी

शफी तीन दिवस बोलला नाही. आज कापूस पिंजता पिंजता, माझ्याकडे न बघता, "मी तिला रविवार सांगितलाच न्हाई. शुक्रवार सांगितला. म्हटलं, माझी आपा हाय, रागानं बोलली, पर येईल."

मी पिंजलेला कापूस गोळा करत राहिले.

ह्यांचे दोन दिवस ह्यांना दिले ते अम्माच्या हातातून काढून. ह्यांनी मागितले होते का? कधी काही मागितलं नाही त्या माणसानं. एकदा वर ये म्हणाला, तेवढंच. मला वाटत होतं मी फेडतेय. कसलं फेडणं! पहिल्यांदा आळसानं उद्या म्हटलं, दुसऱ्यांदा शिस्तीनं. अम्माला दोन्ही सारखंच.

१९ जून, रविवार. जुन्नर

घरी आले. वहीची शेवटची दोन पानं राहिली होती, ती वाचली.

चौथा रकाना 'गाठ ते गाठ'. सूर्याची वाट आणि चंद्राची वाट दोन ठिकाणी एकमेकींना छेदतात. शे. बाईंकडे त्यांना राहू-केतू म्हणतात. चंद्र एका गाठीवरून निघून परत त्याच गाठीवर येतो २७ दिवस नि पाच तासांत. अमावस्या आणि गाठ एकत्र आली तरच सूर्यग्रहण, नाहीतर चंद्र वरून नाहीतर खालून निसटतो. हे पान समजायला सकाळ गेली. समजलं तेव्हा सांगायला कुणी नव्हतं.

शेवटचं पान. एकच तारीख. अक्षर अक्षर लावून वाचलं, मग परत वाचलं.

'२० जून. सकाळी सूर्यग्रहण, आपल्याकडे अर्धवट. काच तयार आहे. हमीदाला आठ दिवस आधीपासून सांगत राहणे. आदल्या दिवशी सांगितलं तर उद्या बघेन म्हणेल.'

हसू आलं हो मला. मोठ्यांदा हसले. मग तिथेच भिंतीला टेकून बसले ते दुपारपर्यंत.

म्हणजे ऐकू गेलं होतं त्यांना. मनाला लावून घेतलं नव्हतं. आणि मी त्यांच्या नावानं एकशे तीस मोजत बसले.

आठ दिवस आधी म्हणजे बारा तारीख.

२० जून, सोमवार

सकाळ. किल्ला ढगात. पूर्वेकडे थोडं फाटलंय, परत मिटतंय.

शे. बाईंनी भिंतीवरून हाक मारली, "हमीदाबाई, ग्रहण लागेल आता, बाहेर निघू नका. दिसणार पण नाहीये काही."

नसेल दिसणार.

जिना २५ जानेवारीपासून झाडलेला नाही. रुमाल सोडला, काच धरलीय कडेनं, काजळी पुसेल म्हणून. दुसऱ्या हातानं हे लिहितेय. परातीत कणीक अर्धी भिजवलेली आहे. राहू दे तशीच, मी वर चाललेय.