जुन्या परकराचं माप

पांढुर्णा, गुरुवार, कार्तिक वद्य पंचमी

आज सौसरहून दादाचं पार्सल आलं. हिरवं साटिन पाच मीटर, साडेचारशेचं. लाल रिबिनी दोन, वीस रुपये. आणि परकर-झंपर शिवायला मापाला म्हणून त्याच्या लेकीचा, वैदेहीचा, लहानपणचा परकर. तो पाहूनच किळस आली.

चार वर्षांची पोर असताना तिनं गीतेचे अठरा अध्याय तोंडपाठ म्हटले. माझ्याच मांडीवर शिकली. मग दादानं तिला बालकीर्तनकार केलं. माणसं तिचे पाय धुऊन ते पाणी प्यायची. मीही प्यायले. तेव्हा ती झोपेनं पेंगत होती, ते मला दिसलं कसं नाही, देवा?

आता ती तेवीसची आहे, आणि बोरगावच्या कीर्तनाच्या पत्रिकेत वय बारा छापलंय! दादाला फोन केला.

"झंपर घट्ट शिवजो वो, लहान दिसली पाहिजे," म्हणे.

"अरे, लग्नाची झाली ते!"

"लोकं बालकीर्तनकार पाहाले येऊन राहिले. बाईले कोण बलावते?"

तोंडात देवाचं नाव, आणि पोटच्या पोरीला असं... शी! तो परकर तिच्या गुडघ्यालाही पुरायचा नाही.

दिवाळीत ती हळूच म्हणाली होती, "आत्या, मले नर्सिंगले जायचं हाय." मी हसून टाळलं.

तिचा फोन दादाकडेच असतो, म्हणून तिच्या मैत्रिणीच्या पत्त्यावर पाकीट टाकलं. लिहिलं, "परकर शिवणार नाही. या कापडाचा पंजाबी ड्रेस शिवते. तो घालून नर्सिंगचा फॉर्म भरायला चल, मी सोबत येते. तुझं आजचं माप उलट टपाली कळव."