अळंबीची जागा

८ जुलै, मंगळवार

रात्रभर ढग गडगडत होते आणि सकाळी मी गॅसपुढे उभी राहून रडले! कशासाठी, तर अळंबीसाठी. हरसूलला, सासरच्या रानात, आज निघाली असणार. कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. नवरा जाऊन चार पावसाळे झाले, आणि ही बाई रडतेय रानातल्या छत्र्यांसाठी.

पण मला तेच आठवतं, त्याला मी काय करू? असा गडगडाट झाला की हर्षल ऑफिसला दांडी मारायचा आणि आम्ही पहिली हरसूल गाडी धरायचो. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मायलेक रानात. मी मागे, चूल सांभाळत! परत यायचा तेव्हा शर्टाला ओल्या मातीचा वास, केसांत काटक्या. सागाच्या पानात गुंडाळलेली अळंबी माझ्या ओंजळीत ठेवायचा. "कुठून आणली?" विचारलं की डोळे मिचकावायचा. "आईला विचार." सासूबाईंना, मी त्यांना आत्याबाई म्हणते, विचारलं की त्या अगदी सासू होऊन चुलीतली लाकडं सारायला लागायच्या.

सहा वर्षं संसार केला. जागा शेवटपर्यंत कळली नाही. तिकडे रीतच आहे तशी. वारूळ एकच, अळंबी दरवर्षी तिथेच येते, आणि ती जागा फक्त घरातल्या माणसांना ठाऊक असते. घरातल्या माणसांना! हा शब्द मला अजून टोचतो.

१० जुलै

तनय दुपारी खाली आला, चहाला. आमच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसच्या वरच्या मजल्यावर जो टॅक्सवाला आहे त्याच्याकडे कामाला असतो. घर पंचवटीत. वडील यात्रेकरूंच्या पूजा सांगतात. त्याचं एक लग्न मोडलंय. बाहेर द्वारका चौकाचा गोंधळ, आमच्या दारात दोन ट्रक तोंडाला तोंड लावून उभे, ड्रायव्हर एकमेकांच्या घराण्याचा उद्धार करतायत, आणि हा शांतपणे म्हणतो, "मागे लग्नाचं विचारलं होतं, त्याचं काय झालं?"

काही झालेलं नाही, म्हटलं.

"घाई नाही. पण हो असो की नाही, तूच सांग. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

माणूस चांगला आहे — हीच तर पंचाईत! वाईट असता तर केव्हाच नाही म्हणून मोकळी झाले असते.

१३ जुलै, रविवार

अंजनेरीच्या बाजूला गेलो होतो, तनय आणि मी. जायचं कारण मी सांगितलं नाही. झाडीत शिरल्यावर माझी नजर जमिनीवरून उठेना, तेव्हा म्हणाला, "काही हरवलंय का तुझं?"

सांगितलं मग. हसत सुटला. "आमच्याकडे त्याला कुत्र्याची छत्री म्हणतात. आजी घरातही येऊ द्यायची नाही." मी तरी काय वेगळी होते! आम्ही निफाडची माणसं, द्राक्षांतली. लग्नाआधी मीही असल्या छत्र्या लाथेने उडवत चालायचे.

आणि सापडल्या! गवतात, चांगल्या मोठ्या, पांढऱ्याशुभ्र. टोपीवर तपकिरी खवले. खालच्या पापुद्र्या पांढऱ्या. मी गुडघ्यांवरच बसले. एक उपटली तर अलगद निघून आली. तनय पण खूश. का खूश, ते मला कळत होतं. मी किती दिवसांनी अशी हसत होते.

घरी आणून ओट्यावर कागदावर पालथ्या घातल्यात. उद्या करीन.

१४ जुलै

कागदावर हिरवट पूड पडली आहे! टोपी उचलली तर खाली अख्खं चक्र उमटलेलं. पापुद्र्याही हिरवट पडायला लागल्या होत्या. आत्याबाईंना फोन लावला.

"खाली वारूळ होतं का?"

नव्हतं, गवत होतं.

"मूळ किती लांब होतं?"

मूळ नव्हतंच. खाली गाठ होती, आणि दांड्याला बांगडीसारखं कडं.

"मंग हात कशाला लावला गं? अळंबीचं मूळ खाली वाळवीच्या घरापोत जातं. वढलं तर तुटंल, पन असं फट्कन निघायचं नाय. टाकून दे. हात धू. भांडंबी धू."

टाकलं सगळं. हात दोनदा धुतले. वाईट काय वाटलं, तर मला ओळखता आली नाही याचं. हर्षलने इतकी वर्षं माझ्या ओंजळीत दिली आणि मी नुसती खात बसले.

तनयला सांगितलं. म्हणाला, "बरं झालं, जेवायला बोलावलं नव्हतंस."

१८ जुलै

आईचा निफाडहून फोन. तनयचं तिला पसंत आहे. जात वेगळी, तरी पसंत आहे! आता ती कशालाही पसंत म्हणेल. "तुझ्या सासूच्या, लंकाबाईंच्या कानावर घालू का मी? त्यांनाही विचारायला हवं."

खबरदार, म्हटलं. आत्याबाईंना एक शब्द बोललीस तर याद राख.

तिला कसं सांगू! तनय मला आवडतो. झालं, लिहिलं. पण हो म्हटलं की मी हरसूलच्या घरची कोण? हर्षलची आई मला काय म्हणून बोलावेल? पाऊस पडेल, ढग गडगडतील, आणि मी पंचवटीत बसून खिडकीतून बघणार. आत्ता निदान त्यांची सून तरी आहे. जागा न दाखवलेली का होईना!

२० जुलै

हर्षलचा निळा शर्ट काढून वास घेतला. नुसता साबणाचा.

२२ जुलै

आत्याबाईंचा फोन!! स्वतःहून. त्या कधी करत नाहीत.

"पंचमीला ये."

एवढंच. मी काही विचारायच्या आत ठेवून दिला. नागपंचमीला निफाडला, माहेरी जायचं ठरलं होतं, आईने पाटावर बसवून बांगड्या भरायचा बेत केला होता. तिला फोन करून सांगितलं, मी हरसूलला जाते. मला वाटलं, भडकणार. नुसतीच "बरं, जा" म्हणाली. आश्चर्यच.

२९ जुलै, मंगळवार — हरसूल

सगळं लिहायला हवं. काही सुटायला नको.

सकाळी पोचले तर आत्याबाई दारातच. भाताची आवणी आटपलीय, पाय अजून चिखलाने चिरलेले. भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी पदर खोचून चुलीकडे निघाले तर हाताला धरून बसवलं. डोक्याला तेल लावून दिलं! शेजारच्या नवसाबाई येऊन पुरणाची दिंडं उकडायला बसल्या, मी भांडं उचललं तर तेही हातातून काढून घेतलं. मला अवघडल्यासारखं झालं. म्हटलं, मी काय पाहुणी आहे का? तर म्हणाल्या, "गप बस."

दुपारी दूध आणि लाह्या घेतल्या. गावातल्या बाया देवळामागच्या वारुळाला चालल्या होत्या. आम्ही त्यांच्यासोबत निघालो आणि ओहळापाशी आत्याबाई थांबल्या. चपलेत काटा गेल्याचं सोंग! बाया पुढे गेल्या तशी ह्या म्हातारीने मला खेचलं आणि उलट्या वाटेने रानात शिरली. विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं आणि परत फिरल्या तर?

ओहळ ओलांडला. साग संपला. मग कळकाचं, म्हणजे बांबूचं बेट, त्याच्या अंगाने चढ, चढावर मोहाचं एक वाकडं झाड. त्याच्यामागे वारूळ.

आणि अळंबी! वारुळाच्या कडेने, पालापाचोळा वर उचलून, नुकती निघालेली. काही अजून मिटलेल्या, बोटासारख्या. काही उघडलेल्या. मधोमध राखाडी टोक, कडेला दुधासारखी. मी बसलेच. हात पुढे गेला.

"हात नको!" आत्याबाई ओरडल्या. "आज पंचमी हाय. आज माती उकरायची नाय, काय तोडायचं नाय."

मग नुसती बघितली. इतकी वर्षं वाट बघितली आणि समोर आल्यावर हात लावायची चोरी! आम्ही दूध ठेवलं, लाह्या टाकल्या, नमस्कार केला. आत्याबाई बोटाने लांबूनच दाखवत होत्या. "हे टोक बघ. टोक नसंल ती आपली नाय. रंग बघ. पाठ कर. मला काय, उद्या डोळं दगा देतील."

मोहाखाली एक सपाट दगड आहे. म्हणाल्या, "हर्षल हितंच बसायचा. तुला फोन लावायचा. रेंज हितंच येती."

तो फोन! "चहा टाक, आलोच." दर पावसाळ्यात यायचा. तो इथून यायचा! मी घरात चुलीपुढे फुरंगटून बसलेली असायचे, आणि तो इथे या दगडावर, समोर एवढं सगळं मांडलेलं, आणि मला सांगायचा की चहा टाक. मला रडू आवरेना. किती हवा होता तो मला तेव्हा! त्या दगडावर हात ठेवून मी रडले, आणि आत्याबाई पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्याही रडत होत्या, पण त्यांचं रडणं पदराच्या आत असतं.

परतताना मला पुढे चालायला लावलं. वाट आली की नाही ते बघायला. एकदा चुकले, कळकापाशी. आत्याबाई तिथेच उभ्या राहिल्या. मी परत फिरून बरोबर वाट घेतली.

आज मला दाखवली. मला! मी घरातली आहे.

३० जुलै

पहाटे जाऊन काढली. बोटांनी माती मोकळी करत खाली जायचं, मूळ लांब उतरलेलं असतं, घाई केली की तुटतं. माझी पहिली दोन तुटली. मोठी उमललेली चार-पाच तशीच ठेवली. आत्याबाई म्हणाल्या, "वारूळ ओरबाडून न्यायचं नाय." घरी हाताने फाडून, कांदा, लसूण, तिखट. पाण्याचा थेंब नाही. नागलीची भाकरी. मी एवढी जेवले की लाज वाटली.

निघताना पानात बांधून दिली. म्हटलं, ही दोघांची झाली, मी एकटी. "असू दे," म्हणाल्या. एकटीनेच खाल्ली, रात्री.

३१ जुलै

तनयला सांगितलं. जिन्यातच. नाही म्हणून.

कारणही सांगितलं. जागा दाखवली म्हणजे काय, ते समजावून सांगितलं. त्यांनी मला त्या घरची मानलंय, आता मी त्यांना सोडून जाणं बरोबर नाही. हे त्याला हसण्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. हसला नाही.

"विचार करून सांगतेयस ना?"

हो.

"बरं."

वर गेला. पायरीवर त्याची छत्री राहिली होती. ती नेऊन द्यायचं धाडस झालं नाही, वॉचमनकडे दिली.

१ ऑगस्ट

चहाला आला नाही.

२ ऑगस्ट

आजही नाही. मी दोन कप सांगून बसले होते. पोऱ्या म्हणाला, मॅडम, दुसरा कुणाला? मीच प्यायले, गार झाल्यावर. मूर्खासारखी सारखी जिन्याकडे बघते. हर्षलसाठी जीव तुटतो ते मला समजतं, त्याची सवय झालीय. हे काय नवीन! जो वरच्याच मजल्यावर बसलाय त्याच्यासाठीही तसंच तुटतं का?

पण ठरलंय आता. मी हरसूलची.

३ ऑगस्ट, रविवार

आत्याबाईंना मीच फोन केला. म्हटलं, तुम्हाला एक सांगायचं होतं. एकजण विचारत होता, मी नाही म्हणून टाकलं. आता काळजी करू नका, मी तुमचीच.



"काय केलंस गं हे!" आवाज चिरकला त्यांचा. "तुझ्या आईनं मला कवाच सांगितलं त्या पोराचं. म्हनून तर बोलावली तुला. पंचमीला सून बोलावतात व्हय कुठं? लेक बोलावतात. मला लेक नाय... म्हटलं, आता सासरी जाईल, त्याच्या आधी वाट दाखवून ठेवावी. म्हंजी मी नसले तरी येशील. त्यालाबी आनशील."

डोक्याला तेल, भाकरतुकडा, चुलीपाशी फिरकू न देणं. मी माहेरवाशीण होऊन आले आणि मलाच कळलं नाही! त्यांनी दार उघडून दिलं, आणि मी ते आतून लावून घेतलं.

तनयला फोन लावला. उचलला. "हं," एवढंच म्हणाला.

मी नुसती रडत राहिले. त्याने फोन ठेवला नाही.