सातव्या पानावरचा गळालेला विलंब

मी, मधुमती हेमचंद्र गोरक्षकर, वय एकसष्ट, राहणार बेडोक, सिंगापूर, व्यवसायाने गणिती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कुणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. डॉक्टरांनी सहा महिने सांगितले आहेत. शरीर थकले आहे, डोके नाही. शंका असेल त्याने फळ्यापाशी येऊन माझ्याशी वाद घालावा. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. बेडोकचा फ्लॅट आणि त्यातील सर्व सामान माझी मुलगी इरा हिला. न्हाणीघरातला नळ फिरवला की गरम पाणी उशिरा येते. घाई करणारा आधी गारठतो, मग भाजतो, मग पुन्हा गारठतो. पस्तीस वर्षे मी विलंब असलेल्या ज्या डिफरन्शियल समीकरणांवर काम केले, त्यांचे मर्म एवढेच आहे. इराने नळ खुशाल बदलावा.

२. माझी पुस्तके, वह्या आणि पुलाउ उबीन बेटावर नेत असे ती सायकल माझा विद्यार्थी उन्मेष याला. तोच या मृत्युपत्राचा व्यवस्थापक. सायकलचा मागचा ब्रेक धरत नाही, हे त्याला तीनदा सांगितले आहे.

३. आता मुख्य गोष्ट. २०१२ साली मी आणि माझे सहकारी पद्मनाभ केळुसकर यांनी एक प्रमेय प्रसिद्ध केले: समीकरणात मंदन, म्हणजे हालचाल दाबणारे पद, पुरेसे मोठे असेल तर विलंब कितीही असो, दोलन होत नाही. हे चूक आहे. सातव्या पानावर एका ओळीत ‘टी वजा टाऊ’ऐवजी नुसता ‘टी’ पडला; टाऊ म्हणजेच विलंब. साध्या, बिनविलंबाच्या समीकरणांवर हात बसलेला असला की असे होते. तिथे विलंब गळाला आणि पुढची सगळी सिद्धता कोसळली. विलंब पुरेसा वाढवला तर मंदन असूनही प्रत्येक उत्तर शून्याच्या वरखाली होतच राहते. प्रतिउदाहरण निळ्या वहीत आहे.

चूक मला २०१४ मध्ये दिसली. तेव्हा माझ्या एम्प्लॉयमेंट पासचे, म्हणजे इथल्या नोकरीच्या परवान्याचे, नूतनीकरण पद्मनाभच्या शिफारसपत्रावर अडले होते, म्हणून मी वर्षभर गप्प बसले. त्या वर्षाची मला लाज वाटते. पुढे दुरुस्ती लिहिली, तर नियतकालिकाने दोन्ही लेखकांच्या सह्या मागितल्या. पद्मनाभ म्हणाला, “मधुमती, झाकली मूठ राहू दे.” दहा वर्षे तो तेच म्हणतो आहे. इरा तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणते, “आई, दहा जणांनी वाचला असेल तो पेपर, सोड ना लाह.” त्या दहांत मी आहे.

चूक कुणाच्या हातून झाली ते मी लिहिणार नाही. पेपरावर दोघांची नावे, म्हणजे चूक दोघांची. मी गेल्यावर उन्मेषने दुरुस्ती माझ्या एकटीच्या सहीने जाहीर करावी. नियतकालिकाने नाकारली तर कुठेही छापावी. माझ्या नावाला बट्टा लागेल म्हणून कुणी रडू नये. नाव माझे आहे.

४. पद्मनाभ केळुसकर यांना काहीही दिलेले नाही. थोडे रागाने, हे कबूल. पण मुख्य कारण असे की साक्षीदाराला वाटा देता येत नाही, आणि मला त्याची सही हवी आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. मी म्हणते.

५. शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर ‘अखेर शांत झाल्या’ असे कुणी म्हणू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहून, वाचून, दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली.

मधुमती हे. गोरक्षकर
बेडोक, सिंगापूर
१४ सप्टेंबर २०२५

साक्षीदार १: सविता देवस्थळी, शेजारी. (मला गणित कळत नाही. सही माझ्यासमोर झाली.)

साक्षीदार २: पद्मनाभ केळुसकर. (सही माझ्यासमोर झाली. कलम तीन वाचले, निळी वहीही पाहिली. सातवे पान मी लिहिले होते. दुरुस्तीवर माझेही नाव घालावे, आणि तिच्या जाण्याची वाट पाहू नये.)